इंदूरसारख्या शहरात माता का दगावतात : कारणे आणि त्यांचा क्रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, इंदूरमध्ये मोठी सरकारी रुग्णालये, गल्लोगल्ली प्रसूतिगृहे आणि एका फोनवर येणारी रुग्णवाहिका असताना गरोदरपणात व बाळंतपणात स्त्रिया अजूनही का दगावतात, त्या मृत्यूंची कारणे कोणती आणि त्यांत काही ठरावीक क्रम दिसतो का. समाजकार्याच्या अभ्यासासाठी तुम्हाला हे हवे आहे, म्हणून मी सविस्तर लिहीत आहे. या शहरात प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करताना आणि माता मृत्यूंच्या पुनरावलोकन बैठकांत बसताना माझे जे मत बनले ते आधीच सांगते. शहरातली बाळंतीण बहुधा रुग्णालय नाही म्हणून दगावत नाही. अंगात आधीच रक्त कमी असलेली स्त्री योग्य ठिकाणी योग्य वेळेत पोहोचत नाही, म्हणून ती दगावते. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेले कारण या साखळीतली केवळ शेवटची कडी असते आणि आधीच्या कड्या शोधल्याशिवाय त्या कारणाचा अर्थ लागत नाही.

आधी व्याख्या नीट समजून घ्यायला हवी, कारण मोजणीतल्या बऱ्याच चुका तिथेच होतात. गरोदर असताना किंवा गर्भधारणा संपल्यापासून 42 दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित किंवा गरोदरपणामुळे बळावलेल्या कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू हा माता मृत्यू होय. अपघात किंवा गरोदरपणाशी संबंध नसलेली कारणे त्यातून वगळली जातात. गर्भधारणा संपणे म्हणजे केवळ प्रसूती नव्हे, गर्भपातही त्यात येतो. मृत्यू कुठे झाला याला महत्त्व नाही. स्त्री प्रसूतिकक्षात गेली, मेडिसिनच्या अतिदक्षता विभागात गेली, की घरी गेली, व्याख्या तीच राहते. प्रत्यक्षात मात्र प्रसूतिकक्षात झालेला मृत्यू लगेच नोंदला जातो आणि तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झालेली स्त्री मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊन न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात गेली, तर तिच्या कागदांवर बाळंतपणाचा उल्लेखही नसतो. म्हणून प्रजननक्षम वयातल्या प्रत्येक स्त्रीच्या मृत्यूनंतर 'ती गरोदर होती का, गेल्या सव्वा-दीड महिन्यात बाळंत झाली होती का, गर्भपात झाला होता का' हे विचारलेच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

आता आकडे. माता मृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या (निवडक वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या सरकारी पाहणीच्या) 2018-20 च्या अहवालात भारताचा दर 97 होता, महाराष्ट्राचा 33, केरळचा 19 आणि आपल्या मध्य प्रदेशाचा 173. शाश्वत विकास उद्दिष्टांत 2030 पर्यंत जागतिक दर 70 च्या खाली आणायचा आहे. याच्या जोडीला दुसरा आकडा पाहा. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातली 26.2 टक्के बाळंतपणे रुग्णालयात झाली होती आणि 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण 90.7 टक्क्यांवर गेले. जननी सुरक्षा योजना, आशाताई आणि जननी एक्सप्रेस गाड्या यांचे हे खरोखर मोठे यश आहे. पण दहांपैकी नऊ स्त्रिया रुग्णालयात बाळंत होत असूनही राज्याचा दर त्या अहवालात देशाच्या सरासरीच्या पावणेदोनपट राहिला, याचा अर्थ रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचणे आणि आतमध्ये योग्य उपचार मिळणे यांत अंतर उरले आहे. शहराचा अभ्यास नेमका या अंतराचा अभ्यास असतो.

इंदूरचे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगा. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, खंडवा, देवास या साऱ्या भागांतून अत्यवस्थ स्त्रिया इथे पाठवल्या जातात. इंदूरमध्ये मृत्यू पावलेल्या सगळ्या माता इंदूरच्या रहिवासी नसतात आणि त्यांच्या बाबतीत झालेला उशीर बहुधा इथे झालेला नसतो. त्यामुळे शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतले मृत्यू इथल्या जन्मांनी भागून काढलेला दर निरर्थक ठरतो. मृत्यू राहत्या पत्त्यानुसार आणि मृत्यूच्या ठिकाणानुसार असे दोन वेगळ्या याद्यांत मांडावे लागतात. शिवाय आकडे लहान असतात. समजा एखाद्या शहरात वर्षाला 50,000 बाळे जन्मली आणि दर 100 असला, तर मृत्यू होतात 50. एखाद्या झोनमध्ये गेल्या वर्षी तीन आणि यंदा पाच मृत्यू झाले, एवढ्यावरून परिस्थिती बिघडली असे म्हणता येत नाही. मात्र त्या पाचांपैकी चारांची कहाणी सारखीच निघाली, तर ती गंभीरपणे घ्यावी लागते. शहराच्या पातळीवर टक्केवारीपेक्षा प्रत्येक मृत्यूची कहाणी अधिक शिकवते.

कारणांत पहिला क्रमांक रक्तस्रावाचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात जगातल्या सुमारे 27 टक्के माता मृत्यूंचे कारण रक्तस्राव होते, 14 टक्क्यांचे उच्च रक्तदाबाचे विकार आणि 11 टक्क्यांचे जंतुसंसर्ग. आपल्याकडेही रक्तस्रावच आघाडीवर आहे. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त वाहत असते. बाळ आणि वार (प्लासेंटा) बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून घट्ट झाले, की त्या रक्तवाहिन्या स्नायूंच्या पकडीत बंद होतात. ते सैल राहिले, तर डोळ्यांदेखत रक्त जाते. उपचार न मिळाल्यास प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात मृत्यू सरासरी दोन तासांत होतो, असा जुना पण आजही उपयोगी पडणारा अंदाज आहे. त्याच अंदाजानुसार प्रसूतीपूर्व रक्तस्रावात सुमारे बारा तास मिळतात, गरोदरपणात उच्च रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांत दोन दिवस आणि जंतुसंसर्गात सहा दिवस. कोणत्या कारणाला किती वेळ मिळतो हे लक्षात ठेवले, तर एखाद्या मृत्यूत वेळ कुठे गेला हे शोधणे सोपे जाते.

रक्तस्रावाचा सगळ्यात मोठा धोका असा, की तो नजरेच्या अंदाजाने मोजला जातो. टेबलावरच्या मेणकापडाच्या घडीत, पाठीखालच्या चादरीत, बादलीत पाण्याबरोबर मिसळून गेलेले रक्त कुणी धरत नाही. 'थोडे जास्त गेले' असे कागदावर लिहिलेले असते, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा ते एक लिटरच्या आसपास असते. बाळंतीण तरुण असते, तिचे शरीर बराच वेळ रक्तदाब सावरून धरते आणि बरेच रक्त जाईपर्यंत ती बोलत असते. नाडी मात्र आधी वाढते. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याच्या जवळ आला, तर रक्तदाब अजून 'बरा' दिसत असला तरी धोका सुरू झालेला असतो. नव्या परिचारिकांना मी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा करायला लावते: दर पंधरा मिनिटांनी बेंबीपाशी हात ठेवून गर्भाशय कडक आहे का हे पाहणे आणि पाठीखाली हात घालून चादर ओली आहे का हे पाहणे. रक्त मापन-खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून मोजणे आणि रक्तस्राव ओळखताच सारे उपचार एकदम सुरू करणे, या पद्धतीने गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण बरेच घटते, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवले आहे. ती पिशवी काही महाग वस्तू नाही.

बाळ जन्मताच गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन देणे हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण ते औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते हे तितके पाठ नाही. माळव्यातल्या मे महिन्यात ते औषधांच्या ट्रेमध्ये दिवसभर पडून राहिले, तर त्याचा जोर किती उरला असेल याची खात्री देता येत नाही. रक्तस्राव थांबवायला मदत करणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड एक ग्रॅम शिरेतून, पहिल्या तीन तासांत दिले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे 2017 च्या 20,000 स्त्रियांवरच्या चाचणीत दिसले. तीन तासांनंतर त्याचा फायदा उरत नाही. म्हणजे हे औषध ज्या छोट्या प्रसूतिगृहात रक्तस्राव सुरू झाला तिथेच द्यायचे आहे. मोठ्या रुग्णालयावर ते सोपवून चालत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी रक्तक्षय आहे. 2019-21 च्या पाहणीत भारतातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता आणि मध्य प्रदेशातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. हिमोग्लोबिन 12 असलेली स्त्री एक लिटर रक्त गेले तरी बहुधा सावरते. 6 असलेली स्त्री अर्ध्या लिटरनेच कोसळते आणि कधी कधी रक्त न जाताही, प्रसूतीच्या श्रमाने तिचे हृदय निकामी होते. दाखल्यावर पहिलीच्या बाबतीत काहीच लिहावे लागत नाही आणि दुसरीच्या बाबतीत 'रक्तस्राव' लिहिले जाते, मात्र रक्तस्राव दोघींनाही झालेला असतो. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या असतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. गोळ्या मिळतात, पण मळमळ होते, शौच काळे होते, चहाबरोबर घेतल्याने त्या अंगी लागत नाहीत आणि याविषयी बोलायला कुणाला वेळ नसतो. सातवा-आठवा महिना लागल्यावर गोळ्यांनी रक्त भरून निघण्याइतका वेळ उरत नाही. तेव्हा शिरेतून लोह द्यावे लागते. अशी कितीतरी कार्डे मी पाहिली आहेत, की ज्यांवर चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन 7.2, सहाव्यात 7.0 आणि आठव्यात 6.8 असे व्यवस्थित लिहिलेले असते आणि प्रत्येक नोंदीसमोर तोच एक शब्द असतो: 'गोळ्या'. मोजमाप झाले आणि त्यावरून काहीच केले गेले नाही, हे मला मोजमाप न होण्यापेक्षाही अधिक लागते.

रुग्णालयांच्या दरम्यान वेळ कसा जातो, हे एका उदाहरणाने सांगते. हे कुणा एका स्त्रीचे चित्र नाही, अनेक नोंदींतून जुळवलेले आहे. बडवानीकडून पीथमपूरला मजुरीसाठी आलेले जोडपे, भाड्याची खोली, तिसरे बाळंतपण, हिमोग्लोबिन पुन्हा सातच्या आसपास. संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जवळच्या लहान प्रसूतिगृहात मुलगी झाली. साडेआठला रक्त जास्त जात असल्याचे दिसले. एक इंजेक्शन झाले, सलाईन लागले, वाट पाहिली गेली. पावणेदहाला 'मोठ्या ठिकाणी न्या' असे सांगण्यात आले. नवऱ्याने ओळखीची गाडी शोधेपर्यंत सव्वादहा वाजले. अकराला ते ज्या रुग्णालयात पोहोचले तिथे रक्त नव्हते आणि भूलतज्ज्ञ घरी गेले होते. तिथून ते तिसऱ्या ठिकाणी पोहोचले, तेव्हा पावणेबारा झाले होते, मनगटाची नाडी लागत नव्हती आणि हिमोग्लोबिन 3.8 होते. रक्तगट आणि जुळणी यांना पाऊण तास लागतो. शहरात एकटा असलेला नवरा रक्त द्यायला तयार होता, पण एक हात बाळाखाली आणि दुसऱ्या हातात कागद, अशा अवस्थेत तो रक्तपेढी शोधत होता. शस्त्रक्रियागृहात नेईपर्यंत तिचे हृदय थांबले.

या रात्री तीन रुग्णालये लागली आणि तिन्ही एकमेकांपासून तासाभराच्या आत होती. तिच्याबरोबर आलेल्या चिठ्ठीवर 'पीपीएच (म्हणजे प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव), हायर सेंटरला पाठवले' एवढेच होते. रक्तदाब, नाडी, रक्तगट, कोणती औषधे किती वाजता दिली, वार पूर्ण आली की नाही, यांपैकी काहीही नव्हते. पुढच्या रुग्णालयाला कुणी फोन केला नव्हता. फोन झाला असता, तर रक्त नाही हे आधीच कळले असते आणि मधला पाऊण तास वाचला असता. माता मृत्यूंच्या अभ्यासात 1994 पासून तीन विलंबांची मांडणी प्रचलित आहे: घरात निर्णय घ्यायला झालेला उशीर, पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला झालेला उशीर. खेड्यात पहिले दोन मोठे असतात. शहरात दुसरा आणि तिसरा एकमेकांत मिसळतात, कारण स्त्री रुग्णालयात पोहोचते, पण उपचारापर्यंत पोहोचत नाही, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयाकडे निघते. नोंदीत मात्र पहिल्या रुग्णालयात पोहोचल्याबरोबर 'पोहोचली' असे लिहिले जाते. शहरी माता मृत्यूंमधला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा क्रम हाच आहे.

उच्च रक्तदाबाच्या बाबतीत वेळ अधिक मिळतो, म्हणून तिथला मृत्यू मनाला अधिक बोचतो. रक्तदाब 140/90 च्या वर आणि लघवीत प्रथिने, ही खूण सोपी आहे. 160/110 झाले, तर ती त्याच दिवसाची तातडी असते. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका जवळजवळ निम्मा होतो, हे 2002 मध्ये 33 देशांतल्या 10,000 हून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीने सिद्ध झाले आणि त्याचा पहिला डोस पुढे पाठवण्यापूर्वी एएनएम ताईही (आरोग्य उपकेंद्रातल्या सहायक परिचारिका) देऊ शकतात. आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत जे वारंवार दिसते ते मात्र बाळंतपणानंतरचे असते. मुलगी सिझर होऊन चौथ्या दिवशी माहेरी येते. सहाव्या दिवशी डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आई म्हणते, "जागरण होतेय ना रात्रीचे, झोपू दे तिला थोडी." सासूबाई फोनवर सांगतात की पाय तर सगळ्यांचेच सुजतात. दोघींच्याही बोलण्यात माया असते आणि त्यांना कुणी काही सांगितलेलेच नसते. झटके आल्यावर मग धावपळ होते. प्रसूतीनंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसांदरम्यान पुन्हा चढतो, पण नेमक्या याच दिवसांत घरी सोडलेल्या बाळंतिणीचा रक्तदाब मोजायला कुणी येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर टाक्यांची तारीख असते, रक्तदाब तपासण्याची नसते.

जंतुसंसर्गाविषयी थोडक्यात: पूर्वीचा सूतिकाज्वर संपलेला नाही, त्याचे रूप बदलले आहे. आता तो सिझरनंतर, किंवा पाणमोट फुटून बराच काळ गेल्यावर दिसतो. ताप, वाढलेली नाडी आणि श्वास, दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही असेल तर पहिल्या तासात प्रतिजैविके सुरू व्हायला हवीत. गर्भपाताच्या बाबतीत, 1971 पासून कायदा असताना आणि 2021 मध्ये तो अधिक व्यापक झालेला असताना औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या हे शहराचे खास दुखणे आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल, तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. रक्त गेले म्हणजे काम झाले असे स्त्रीला वाटते आणि पुढच्या आठवड्यात नळी फुटून पोटात रक्त साचते. अशा मृत्यूच्या वेळी घरच्यांनाही ती गरोदर होती हे ठाऊक नसते.

आता अप्रत्यक्ष कारणे, ज्यांचे प्रमाण जगभरात एकूण मृत्यूंच्या सुमारे चतुर्थांश आहे. लहानपणी संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप मुलीला वीस वर्षे जाणवत नाही. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि तेव्हा पहिल्यांदा दम लागतो. दम सगळ्याच गरोदर स्त्रियांना लागतो, म्हणून तो सोडून दिला जातो. बाळ जन्मल्याबरोबर गर्भाशयातले रक्त परत हृदयाकडे येते, त्या क्षणी फुप्फुसांत पाणी भरते. रात्री उशी उंच केल्याशिवाय झोपता येत नाही असे सांगणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीच्या छातीला स्टेथोस्कोप लावलाच पाहिजे. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस-ई ची कावीळ एरवी आपोआप बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांत ती पाचांपैकी एकीचा जीव घेऊ शकते, म्हणून पावसाळ्यात एखाद्या वस्तीत काविळीचे रुग्ण निघाले, की गरोदर स्त्रियांची यादी आधी हाती घ्यावी. क्षय, डेंग्यू, झाबुआ-अलीराजपूरकडच्या आदिवासी समाजांतला सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेतला कोविड हेही याच गटात येतात.

शहरात दुसराही एक क्रम दिसतो आणि तो सुखवस्तू घरांतला आहे. वय पस्तिशीच्या पुढे, वजन जास्त, मधुमेह, टेस्ट ट्यूब उपचारांतून जुळी, आणि आधीचे एक-दोन सिझर. 2019-21 च्या पाहणीत भारतातल्या खासगी रुग्णालयांमधल्या 47.4 टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण 14.3 होते. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. ती सुटत नाही, आणि सोडवू गेल्यास क्षणार्धात कित्येक लिटर रक्त जाते. आधी सिझर झालेल्या स्त्रीच्या सोनोग्राफीत वार खाली आणि पुढच्या बाजूला दिसली, तर तिची प्रसूती रक्तपेढी आणि शल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणीच, आधी ठरवून व्हावी. सिझरनंतर पायांच्या शिरांत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचाही धोका असतो. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, पलंगावरून उतरू नये, हे आपल्याकडचे जुने पथ्य अशा वेळी घातक ठरते. शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू खुशाल असू द्यावेत, पण पाणी तोडू नये आणि चालणे थांबवू नये.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीविषयीही लिहायला हवे. मुलीला त्या दिवसांत आईजवळ बरे वाटते, यात शंका नाही. पण इंदूरची मुलगी पुण्याहून किंवा नागपूरहून आठव्या महिन्यात येते, तेव्हा तिच्यासोबत कागद येत नाहीत, पहिल्या तिमाहीतला रक्तदाब येत नाही आणि ती नव्या डॉक्टरांकडे अनोळखी म्हणून दाखल होते. ती कोणत्याच शहराच्या यादीत नीट नसते. काही अनिष्ट झाले, तर सासरच्या शहरातली आशाताई तिला 'माहेरी गेली' म्हणते आणि इथल्या यादीत ती आलेलीच नसते. त्याचबरोबर बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून झालेली आत्महत्या हाही जागतिक वर्गीकरणानुसार 2012 पासून थेट माता मृत्यू धरला जातो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा पोलिसांच्या कागदांतच राहतो. मी त्याला कमी महत्त्वाचे मानत नाही.

या मृत्यूंचे पुनरावलोकन करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. रुग्णालयातली तपासणी, घरी जाऊन केलेली मौखिक चौकशी आणि त्यानंतर जिल्हा समितीची बैठक, असा तिचा क्रम असून 2017 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत कुणालाही दोषी ठरवण्याचा तिचा हेतू नाही, हे स्पष्ट केलेले आहे. पण खुलासा मागितला जाईल अशी भीती असली, की नोंदीत वेळा सोयीस्कर होतात. घरी जाऊन केलेली चौकशी म्हणूनच मला सर्वांत मोलाची वाटते. घरच्यांना घड्याळातली वेळ आठवत नाही, पण 'मशिदीत इशाची अजान झाली तेव्हा', 'शेजारची मालिका संपली तेव्हा' हे नेमके आठवते आणि त्यावरून तासांचा हिशेब बसतो.

शहरी वस्तीत एका आशाताईकडे हजार ते अडीच हजार लोकसंख्या असते आणि भाडेकरू दर काही महिन्यांनी खोली बदलतात, तरीही त्यांचा पत्ता लागू शकत नाही असे मी मानत नाही. इंदूरने 2017 ते 2023 या वर्षांत स्वच्छतेत देशात सलग पहिला क्रमांक राखला (शेवटच्या वर्षी सुरतबरोबर), तो 85 वॉर्डांतल्या प्रत्येक घरापर्यंत रोज जाणाऱ्या गाडीच्या आणि तिच्या चोख हिशेबाच्या बळावर. ज्या शहराला कचऱ्याची गाडी कोणत्या घरापुढे थांबली नाही हे संध्याकाळपर्यंत कळते, त्याला कोणत्या घरात आठव्या महिन्यातली, हिमोग्लोबिन सातच्या खालची स्त्री आहे हेही कळू शकते. त्यासाठी वॉर्डवार यादी, रोज सकाळी कोणत्या रुग्णालयात किती रक्त आणि कोणते डॉक्टर हजर आहेत याचा एकत्रित फलक आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांनी आधी फोन करण्याची सक्ती एवढे केले, तरी पुष्कळ होईल.

तुमच्या अभ्यासासाठी प्रत्येक मृत्यूच्या नोंदीत वय, राहता पत्ता आणि कारण यांच्याशिवाय काही रकाने जरूर ठेवा: पहिले आणि शेवटचे हिमोग्लोबिन आणि त्यांवर काय केले गेले, आधीची सिझर, पहिले धोक्याचे लक्षण दिसल्याची वेळ, गाठलेली रुग्णालये क्रमाने आणि प्रत्येक ठिकाणची आगमनाची व प्रस्थानाची वेळ, आधी फोन झाला की नाही, रक्ताची पहिली पिशवी लागल्याची वेळ, आणि प्रसूती व मृत्यू यांच्यातले अंतर. कारणांची विभागणी त्यानंतर करा. घरी चौकशीला जाल तेव्हा तेराव्याच्या आत जाऊ नका, नवऱ्याशी आणि सासू-आईंशी स्वतंत्रपणे बोला आणि बाळ कुठे आहे, कुणाचे दूध पिते, हे कागद काढण्याआधी विचारा, कारण आई गमावलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक धोका असतो आणि त्याच भेटीत त्याला नवजात अतिदक्षता केंद्राकडे पाठवण्याची गरज पडू शकते.